ऑन्नीच्या नोंदी आणि माझं मशीन

कोरियन मला येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकताना कुणालाही वाटेल की बाईला निदान भाषा तरी येत असेल. नाही येत. अक्षरं लावून लावून दुकानाची पाटी वाचता येते आणि ‘आभारी आहे’, ‘हे तिखट आहे का’ इतपत बोलता येतं. एवढ्या भांडवलावर मी चार वर्षं कोरियन भाषेतल्या नव्या शब्दांवर पाळत ठेवायचं काम केलं. पुण्यात कुणी विचारलं की काय करतेस, तर मी नुसतं ‘सॉफ्टवेअर’ म्हणून विषय बदलायचे.

आमची कंपनी शब्दकोश आणि भाषांतराची साधनं बनवते. ऑफिस आयर्लंडमधल्या ब्लँचर्डस्टाउनला, एका बिझनेस पार्कच्या टोकाला, जिथे छत्री उघडली की ती उलटीच होते. काम समजायला सोपं आहे. कुठल्याही भाषेत लोक रोज नवे शब्द काढतात आणि त्यातले बहुतेक चार दिवसांत विझतात. शब्दकोशात कुठला घ्यायचा आणि कुठला सोडायचा हे ठरवायचं, तर शब्दाच्या मागे मागे काही वर्षं चालावं लागतं. कोरियनमध्ये तर विचारूच नका. दोन शब्दांची डोकी कापून एक नवा शब्द करायची तिथल्या लोकांना भारी हौस. ‘होनबाप’ म्हणजे एकट्यानं बसून जेवणं. ‘गॅटसेंग’ म्हणजे पहाटे उठून व्यायाम, अभ्यास वगैरे करणाऱ्यांचं आदर्श आयुष्य. मी दोन्ही बाबतींत कच्ची.

पाळत ठेवायची रीत अशी. दर महिन्याला वर्तमानपत्रं, ब्लॉग, गप्पांचे मंच, व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया असा मजकुराचा ढीग जमा करायचा आणि प्रत्येक नवा शब्द त्यात किती वेळा आला ते मोजायचं. पण नुसता आकडा थापा मारतो. ढीगच मोठा झाला तर प्रत्येक शब्द वाढल्यासारखा दिसतो, म्हणून एकूण मजकुराशी प्रमाण काढायचं. एकच बातमी दहा पेपरांनी जशीच्या तशी छापली तर ती एकदाच धरायची. एकाच टोळक्यानं शब्द हजारदा घोकला असेल तर तो पसरला असं म्हणायचं नाही. किती वेगवेगळ्या माणसांनी वापरला ते बघायचं. हे सगळं माझं खातं. मशीन, म्हणजे हे मोजणारा प्रोग्रॅम, माझं, मोजणं माझं, आणि त्याचा मला अभिमान होता.

दुसरं खातं ऑन्नीचं.

ती कोरियाहून आली तेव्हा मला तिथे वर्ष झालं होतं. आयुष्यभर शब्दकोशाचंच काम केलेली बाई. पहिल्याच दिवशी ऑफिसच्या किचनमध्ये, मी प्रेसमधून कप काढत असताना (इथे कपाटाला प्रेस म्हणतात), तिनं मला सरळ वय विचारलं. माझ्या कपाळाला आठी पडली. ती घाईघाईनं म्हणाली, “वय कळल्याशिवाय तुला हाक कशी मारायची ते मला ठरवता येत नाही.” मी म्हटलं, “समजलं. आमच्याकडे आडनाव विचारतात, तेही असंच साळसूदपणे.” ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी निघाली. “मग मी ऑन्नी,” ती म्हणाली. ऑन्नी म्हणजे बाईनं मोठ्या बहिणीला मारायची हाक, आपली ताई. आम्ही बोलायचो इंग्रजीतूनच, पण तेव्हापासून मी तिला ऑन्नीच म्हणत आले.

ऑन्नी मोजायची नाही, वाचायची. प्रत्येक शब्दाची त्या महिन्यातली निवडक शंभर वाक्यं ती ओळ न ओळ वाचायची आणि त्या शब्दाच्या नोंदीत भर घालायची. शब्द जन्मतो तेव्हा तो अवतरण चिन्हांत येतो, ती मला समजावायची. ‘हल्लीची मुलं ज्याला अमुक म्हणतात’ अशी प्रस्तावना जोडून येतो. मग प्रस्तावना गळते. मग अवतरण चिन्हं गळतात. मग कधीतरी एखाद्या आजोबांच्या तक्रारीत तो न हसता येतो. होनबापचंच घ्या. आधी त्यावर लेख यायचे, बिचारी एकटी जेवणारी माणसं वगैरे. पुढे खानावळीच्या दारावर पाटी लागली, ‘होनबाप चालेल’. पाटीवर कुणी शब्दाचा अर्थ समजावून सांगत नाही, ऑन्नी म्हणायची, तिथे तो रुळला.

तिच्याकडे चार शेरे होते. पाहुणा, भाडेकरू, घरचा आणि गेला. इंग्रजीतही ती तेच म्हणायची आणि मीटिंगमध्ये लोक गालातल्या गालात हसायचे. मीही हसायचे. एका शब्दाला ती कधी कधी दोन आठवडे घ्यायची आणि शेवटी म्हणायची, “अजून सांगता येत नाही.” आमचा बॉस, पन्नाशीचा आयरिश माणूस, मनानं मऊ, तो मान डोलवायचा आणि घड्याळाकडे बघायचा. मला तिची काळजी वाटायची असं मी तेव्हा स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे मला तिचा राग यायचा. माझं मशीन एका तासात ढीगभर शब्द मोजून रिकामं व्हायचं आणि तिच्या ‘अजून सांगता येत नाही’पाशी सगळं अडून बसायचं.

राग यायचा म्हणून जीव नव्हता असं नाही. ती आल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात माझी आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली होती आणि ऑन्नी दर रविवारी जेवायला यायची. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नसे. तरी दोघी टेबलाशी बसून मेथी निवडायच्या, आणि ऑन्नी एकेक पान उलटसुलट करून बघायची. आईनं तिला मिरचीचा खर्डा दिला, तिनं आईला किमचीची बरणी दिली. आई मला म्हणाली, “बाई लई गुणाची हाय. काम कसं बैजवार करती बघ. तुझ्यावानी हातघाई न्हाई.” मी म्हटलं, “आई, मेथी निवडायला तिला तास लागला.” आई म्हणाली, “लागू दे की. एक तरी काडी राह्यली का?”

जूनमध्येच कधीतरी ऑन्नीचा लॅपटॉप आचके द्यायला लागला. सगळ्या नोंदी त्यात. ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, “हे कुठेतरी नीट ठेवशील? हरवलं तर मी पुन्हा लिहू शकणार नाही.” मी तिच्यासमोरच त्यांची प्रत केली आणि ज्या मोठ्या सामायिक फोल्डरमध्ये दर महिन्याचा मजकूर येऊन पडतो, तिथे एका कोपऱ्यात टाकून दिली. त्या फोल्डरचा रोज बॅकअप व्हायचा, म्हणून ती जागा सगळ्यात सुरक्षित. तिनं दोन्ही हात जोडल्यासारखे करून मान लववली. मी ‘काही नाही गं’ म्हणून उडवून लावलं आणि पुढे विसरले.

ऑन्नीचं काम कराराचं होतं आणि तिचं वर्क परमिट त्या कराराला बांधलेलं. परमिट म्हणजे काय असतं हे मला कुणी सांगायला नको. पहिली दोन वर्षं मीही त्यावरच काढली होती. बॉस नुसता खोकला तरी मी कराराची तारीख काढून बघायचे. तिचा करार ऑक्टोबरात संपणार होता. ऑगस्टच्या शेवटी बॉसनं मला बोलावलं. म्हणाला, “वरचे लोक विचारतायत, तुझं मशीन तिच्यासारखे शेरे देऊ शकतं का? एकदा करून दाखव. नो प्रेशर.” मी ‘बघते’ म्हटलं. मला पुरतं ठाऊक होतं की हा प्रश्न मशीनचा नाही, ऑन्नीच्या नोकरीचा आहे. तरी मी तो मशीनचाच म्हणून घेतला आणि जोमानं कामाला लागले.

चाचणी अशी. ऑन्नीनं ज्या शब्दांना आधीच शेरे दिले होते, त्यातले दोनशे घ्यायचे. तिचे शेरे झाकून ठेवायचे. मशीननं फोल्डरमधला सगळा मजकूर वाचायचा, अवतरण चिन्हं कधी गळली, प्रस्तावना कधी गळली ते शोधायचं आणि स्वतःचा शेरा द्यायचा. मग दोन्ही ताडून बघायचे. निकाल आला तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. जवळजवळ सगळे शेरे जुळले होते. जिथे मला स्वतःला पाहुणा कुठला आणि भाडेकरू कुठला ते कधी कळलं नाही, तिथेही मशीन ऑन्नीशी बरोबर जुळत होतं. आमच्या धंद्यात निकाल फार चांगला आला की आधी गळती शोधायची, उत्तरं कुठून तरी आत झिरपली असणार असंच धरून चालायचं, हे मी नव्यानं लागलेल्या लोकांना बजावून सांगत असे. स्वतःच्या वेळी मात्र घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की जमलं, आणि आईला शिरा करायला लावला.

गुरुवारी मी ते सगळ्यांसमोर मांडलं. वरचे लोकही आले होते. पडद्यावर एका बाजूला ऑन्नीचे शेरे, दुसऱ्या बाजूला मशीनचे. ऑन्नी पुढच्याच रांगेत बसली होती, वही मांडीवर घेऊन. ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे. मी तिच्याकडे बघून हसून मान हलवली, म्हणजे बघ, तुझंच शिकवणं आहे, अशा अर्थानं. टाळ्या झाल्या. तिनंही वाजवल्या. बॉस म्हणाला, “फेअर प्ले टू यू,” (इकडची शाबासकी) आणि माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला दिवसभर पुरली.

शुक्रवारी दुपारी ऑफिस लवकर रिकामं होतं. मी पुढच्या महिन्याच्या मजकुरासाठी फोल्डर आवरत होते आणि कोपऱ्यात ऑन्नीच्या नोंदी दिसल्या. मीच ठेवलेल्या. मशीनला मी सांगितलं होतं, फोल्डरमधलं सगळं वाच. त्यानं सगळं वाचलं होतं. प्रत्येक शब्द, त्याची वाक्यं, त्याचा इतिहास, आणि खाली तिच्या हातचा शेरा. झाकून ठेवलेली उत्तरं त्याला दुसऱ्या दारानं मीच नेऊन दिली होती. गाईड मांडीवर घेऊन पेपर लिहिणाऱ्या पोरासारखं ते पास झालं होतं.

मी नोंदी बाहेर काढल्या आणि चाचणी पुन्हा चालवली. निम्मेही शेरे जुळेनात. पाहुणा आणि भाडेकरू यांतला फरक त्याला अजिबात कळत नव्हता, आणि जाहिरातवाल्यांनी महिनाभर मिरवलेल्या कुठल्याही शब्दाला ते बेधडक ‘घरचा’ म्हणत होतं. माझे कान तापले. काचेपलीकडे बॉस कोट चढवत होता. त्यानं हात हलवून विचारलं, “ऑल ग्रँड?” म्हणजे सगळं ठीक ना. उठून दहा पावलं चाललं की काम झालं असतं. मी हात हलवून म्हटलं, “ग्रँड.”

घरी नवऱ्याला सांगितलं. त्याचं म्हणणं व्यवहारी होतं. “हे बघ, डिसिजन तुझं नाहीये ना, मॅनेजमेंटचं आहे. तिचं काँट्रॅक्ट त्यांना तसंही रिन्यू करायचं नसेल. तू आता जाऊन ‘माझं सगळंच राँग होतं’ म्हणणार? सगळ्यांसमोर? आधी फिक्स कर यार, मग सांग.” मला हे ऐकायला फार बरं वाटलं. त्याला दोष देत नाही, मला जे ऐकायचं होतं तेच मी त्याच्याकडून काढून घेतलं. पुढे कधी विषय निघाला की मी म्हणायचे, मला भीती वाटत होती. ते खोटं आहे. माझं परमिट केव्हाच सुटलं होतं, मला कुणी काढणार नव्हतं. मला त्या टाळ्या परत द्यायच्या नव्हत्या. कारण एवढंच आणि इतकंच हलकं.

सोमवारी जाताना बसमध्ये मी वाक्य तयार केलं होतं. ‘चाचणीत गळती होती, निकाल बाद धरा.’ सहा शब्द. दारातच बॉस भेटला आणि म्हणाला, वरचे लोक जाम खूश आहेत. वाक्य परत गेलं. मंगळवारी तो बाहेरगावी, गॉलवेला, गेला होता. बुधवारी मला वाटलं, आधी मशीन सुधारून बघू, न जाणो जमेल. नाही जमलं. दोन आठवड्यांनी ऑन्नीला कळवण्यात आलं की करार पुढे वाढवता येणार नाही. महिनाभराची मुदत.

तो महिना मी मान खाली घालून काढला. शब्दशः. ती किचनकडे जाताना माझ्या टेबलाजवळून जायची आणि मी कीबोर्डमध्ये काहीतरी हरवल्यासारखी बघत राहायचे. तिनं एकदाही काही विचारलं नाही. उलट तिच्या चालू नोंदी ती आणखी नेटानं लिहीत होती. एका शब्दाला निदान दहा वर्षं तरी बघावं असं ती म्हणायची, आणि तिच्या बऱ्याच शब्दांची सहा सात वर्षं झाली होती, आधीची कोरियातली धरून. त्या जुन्या नोंदीही तिनं इथे येताना विश्वासानं कंपनीच्या कामात ओतल्या होत्या. आता त्यांची प्रत नेता येईल का, असं तिनं बॉसला विचारलं. बॉसनं वर विचारलं. उत्तर आलं की नोंदी कंपनीच्या मालकीच्या आहेत. हे मला बॉसनंच सांगितलं, वाईट वाटून. मी म्हटलं, “हो, नियम आहे.” नियमांची एवढी चाड मला आधी कधी नव्हती आणि नंतरही नाही.

रविवारी ती जेवायला येईनाशी झाली. आईनं विचारलं, “ती बाई का यीना गेली गं? काय बोललीस का तिला?” मी म्हटलं, “तिला घरी परत जायचंय, त्याची गडबड चाललीय.” आईनं ते खरं मानलं आणि परत जाताना तिच्यासाठी खर्ड्याची बाटली भरून ठेवली. ती बाटली मी ऑन्नीच्या टेबलावर ठेवली, ती जागेवर नाही असं बघून.

शेवटच्या दिवशी किचनमध्ये केक कापला. सगळ्यांनी सह्या केलेलं मोठं कार्ड होतं. माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी लिहिलं, ‘तुझ्याकडून खूप शिकले.’ लिहिताना हात थरथरला वगैरे काही नाही, अक्षर चांगलं आलं. ते आठवलं की आजही मला कुणाला तोंड दाखवू नये असं होतं.

परमिटवाल्याला दुसरी नोकरी शोधायला थोडे महिने मिळतात. तिनं खूप अर्ज केले. पण कोरियन शब्दांची वर्षानुवर्षं वाट बघणारी बाई कुणाला हवी होती? फेब्रुवारीत तिनं सामान बांधलं. विमानतळावर सोडायला मी गेले, मीच विचारलं होतं. ब्लँचर्डस्टाउनहून विमानतळ वीस मिनिटं. सहा शब्द बोलायला वीस मिनिटं खूप झाली. मी रस्त्याच्या कामाबद्दल बोलले, हवेबद्दल बोलले, तिकडे आता किती थंडी असेल ते विचारलं. उतरताना तिनं मला दोन्ही हातांनी धरलं, नीट बघितलं आणि म्हणाली, “जेवण वेळेवर करत जा.”

पुढचं सगळं अपेक्षेप्रमाणेच झालं. जुन्या शब्दांच्या नोंदी मशीनच्या पोटात होत्या, मी त्या परत आत ठेवल्या होत्या. हो, हेही मीच केलं. त्याशिवाय मशीन चार लोकांत बरं दिसत नव्हतं. पण ती गेल्यावर जन्मलेल्या शब्दांबद्दल त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. वसंत संपेपर्यंत मशीननं एका शीतपेयाच्या जाहिरातीतला शब्द ‘घरचा’ म्हणून पुढे केला, तो शब्दकोशात गेला, आणि कोरियातून वापरणाऱ्यांच्या तक्रारी आल्या की असं आमच्याकडे कुणीही बोलत नाही. बॉसनं मीटिंगमध्ये सहज विचारलं, “असं कसं झालं गं?”

मीटिंगनंतर मी त्याच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. जून, फोल्डर, गुरुवार, शुक्रवार. तो ऐकत होता आणि चहाच्या कपात बघत होता. मग म्हणाला, “आह, यू’र ग्रँड. तेव्हा कुणाला कळणार होतं?”

“मला कळलं होतं,” मी म्हटलं. “दुसऱ्याच दिवशी. ती इथे होती तेव्हा.”

त्यानं कप बाजूला सरकवला. चांगला माणूस आहे. त्याला माझी लाज माझ्यापेक्षा जास्त अवघड झाली असावी. “बरं, आता ते मागचं काढून काय होणार,” तो म्हणाला. “नीट करून घे, एवढंच.” मला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. बाहेर येऊन मी वरच्या लोकांना सविस्तर पत्र लिहिलं, चूक माझी, लपवली मी, नोंदी तिच्या तिला परत द्या. दोन ओळींचं उत्तर आलं, मोकळेपणाबद्दल आभार. नोंदींबद्दल त्यात काही नव्हतं.

मग तिला फोन करण्यावाचून काही उरलं नाही. शनिवारी सकाळी केला, तिकडे संध्याकाळ होती. एका शाळेत शिकवायला लागली होती ती. मी प्रस्तावना न करता सांगून टाकलं, पहिल्यापासून, मधे श्वास न घेता. ती ऐकत होती. मागे कुठेतरी भांड्यांचा आवाज येत होता.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली.

“बॉसनं सांगितलं?”

“नाही. त्या गुरुवारीच कळलं.” मग तिनं सावकाश, नेहमीसारखं, समजावून सांगितलं. पडद्यावर एक शब्द होता, तिनं ज्याला ‘गेला’ म्हटलं होतं. ती तिची चूक होती. त्या सुमारास एका मंचाचा मजकूर आमच्याकडे आलाच नव्हता, म्हणून तिला तो शब्द संपला असं वाटलं. पुढे तो परत दिसायला लागला, नोंद दुरुस्त करायची राहून गेली. आज तिकडे पोरंसोरं सोडा, मंत्रीसुद्धा तो वापरतात. “तुझ्या मशीननं मजकूर वाचला असता तर त्याला तो शब्द जिवंत दिसला असता,” ती म्हणाली. “पण त्यानंही ‘गेला’ म्हटलं. ती चूक जगात फक्त माझ्याकडे होती.”

मी विचारलं, “मग तू बोलली का नाहीस, ऑन्नी?”

“मी बोलले असते तर नोकरी वाचवायला बोलतेय असं सगळ्यांना वाटलं असतं. तू बोलली असतीस तर ते खरं ठरलं असतं.” मग म्हणाली, “आणि मला वाटलं, तू बोलशील. पहिले दोन तीन दिवस वाटलं की तुला माहीतच नाही. मग तू मान खाली घालायला लागलीस, तेव्हा कळलं की तुला माहीत आहे. मला बरं वाटलं. म्हटलं, हिला लाज वाटतेय, म्हणजे आज नाहीतर उद्या ही सांगेल. मी रोज तुझ्या टेबलाजवळून जायचे ते त्यासाठीच.”

तिच्या आवाजात राग नव्हता. शब्दाच्या नोंदीत लिहावं तसं, दिसलं ते तिनं सांगितलं. मी फोन कानाला धरून खिडकीशी उभी होते. मला लाज वाटतेय म्हणजे मी अगदीच वाईट बाई नाही, असं मीही तेव्हा रोज स्वतःला सांगत होते. माझ्या त्या लाजेच्या भरवशावर आम्ही दोघींनी तो अख्खा महिना काढला होता.